परसातला उंदराचा ट्रॅप आणि न्यूझीलंडचे पक्षी : घरात भांडण लागलंय, मत द्या

तुईवाली (वेलिंग्टन)

नमस्कार मंडळी, धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही वेलिंग्टनला करोरीत राहतो, झीलँडिया अभयारण्याच्या कुंपणापासून चालत जाण्याइतकं जवळ. इकडे गल्लोगल्ली ट्रॅपिंगचे ग्रुप आहेत. प्रत्येकाच्या परसात एक लाकडी खोका, आत उंदराचा सापळा, आणि काय सापडलं ते ॲपवर टाकायचं. आमच्या गल्लीतल्यांनी आम्हालाही एक आणून दिला, फुकट. सध्या सासरे आलेत साताऱ्याहून, माळकरी आहेत, त्यांनी तो खोका बघितला, हे काय म्हणून विचारलं, नवऱ्याने सरळ सांगून टाकलं आणि तेव्हापासून घरात शीतयुद्ध चालू आहे. त्यांचं एकच म्हणणं, "एक जीव वाचवायला दुसरा मारायचा हा हिशोब तुम्हाला शिकवला कुणी?" नवरा अशा वेळी भांडी घासायला उठतो, उत्तर द्यायची पाळी माझ्यावर.

मी त्यांना जे सांगितलं ते असं. या देशात माणूस यायच्या आधी जमिनीवर चालणारा एकही सस्तन प्राणी नव्हता. वटवाघळं होती, बस. मांजर नाही, मुंगूस नाही, उंदीर नाही, कोल्हा नाही. त्यामुळे इथल्या पक्ष्यांना शत्रू ठाऊक होता तो फक्त वरून येणारा, गरुड, ससाणे वगैरे. वरून येणाऱ्यापासून वाचायचं तर काय करायचं, हलायचं नाही, रंग झाडोऱ्यात मिसळून गप्प बसायचं. काकापो म्हणजे तो हिरवा गुबगुबीत न उडणारा पोपट, तो अजूनही हेच करतो. पण स्टोट (मुंगसाच्या वळणाचा असतो दिसायला, अंगाने बारीक) डोळ्याने शोधतच नाही, नाकाने शोधतो, आणि काकापोच्या अंगाला वास केवढा येतो, मधासारखा, लांबून कळतो. घरटी जमिनीवर, पळायची सवय नाही, उडायचं तर विसरूनच गेलेले. मग माओरी (इथले पहिले रहिवासी) आले, त्यांच्याबरोबर किओरे हा छोटा उंदीर आणि कुत्रे आले, नंतर युरोपियन जहाजांतून मोठे उंदीर आणि मांजरं, १८३७ मध्ये फरच्या धंद्यासाठी ऑस्ट्रेलियातून पॉसम (मांजराएवढा, झाडावर राहणारा, पोटाला पिशवी असलेला प्राणी) आणून सोडले, आणि १८८० च्या दशकात ससे फार झाले म्हणून स्टोट आणि त्याचेच भाऊबंद फेरेट, वीझल मुद्दाम बोलावून सोडले. पक्ष्यांच्या जाणकारांनी तेव्हाच सांगितलं होतं की असं करू नका. ऐकतंय कोण.

आज जिथे कुणी ट्रॅप लावत नाही तिथल्या जंगलात किवीच्या १०० पिल्लांपैकी साधारण ५ मोठी होतात. बाकीच्यांतली बरीच स्टोट खातो. किवी एक किलोच्या आसपास वजनाचा झाला की लाथा मारून स्वतःचं बघू शकतो, पण तोवर दिवस काढायचे कसे.

माझं मत विचाराल तर मला मारण्यात काही आनंद नाही, खोका उघडताना अजून पोटात कसंतरी होतं. पण ट्रॅप नाही लावला तरी कुणीतरी मरणारच आहे, फक्त ते कुंपणापलीकडे रात्री मरणार आणि आपल्याला दिसणार नाही. सासऱ्यांना हे पटलेलं नाही. इथले न्यूझीलंडकर सांगा, तुम्ही लावता का ट्रॅप, आणि घरातल्या मोठ्यांना काय सांगता?

घाटावरचा (पुणे)

वाचतोय, मस्त विषय. एक शंका. आमच्या सोसायटीत पार्किंगमधले चार उंदीर आम्हाला हटत नाहीत, कमिटी बदलली, सेक्रेटरी बदलला, उंदीर तेच. अख्ख्या देशातले उंदीर मारणार म्हणे २०५० पर्यंत? कुठल्या पुढाऱ्याने सोडलेली पुडी आहे ही?

तुईवाली

घाटावरचा, पुडी नाही हो, सरकारी कार्यक्रम आहे. प्रीडेटर फ्री २०५०, जुलै २०१६ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान जॉन की यांनी जाहीर केला. उंदराच्या तिन्ही जाती, स्टोट-फेरेट-वीझल आणि पॉसम. हे सगळे शून्य. बेटांवर हे करून दाखवलंय त्यांनी, म्हणून एवढी हिंमत. खाली कुणीतरी जास्त नीट सांगेल, मला आता डबे भरायचेत.

पुणेरी_पाटी

"येथे उंदीर मारले जातात. चौकशी करू नये. सासऱ्यांनी तर मुळीच करू नये."

अहिंसक_आबा (सांगली)

ताई, तुमच्या सासऱ्यांचं बरोबर आहे. उंदीर स्वतःहून तिकडे गेला नाही, त्याला माणसाने नेला. आता शिक्षा त्यालाच? निसर्गाचं निसर्ग बघून घेईल, आपण मधे पडलो की बिघडतं. गणपतीचं वाहन आहे ते, एवढं तरी लक्षात ठेवा.

तांबडापांढरा (कोल्हापूर)

आबा, रागावू नका पण काय राव, आपल्याकडं ऊसात उंदीर झाले की काय करतो आपण? झिंक फॉस्फाइडच्या गोळ्या बिळात घालतोय की. मुंबईत तर महापालिकेची माणसं रात्री काठी आणि बॅटरी घेऊन उंदीर मारत फिरतात, पगारी नोकरी आहे ती, किती मारले त्याचा हिशोब सकाळी द्यावा लागतो. ते चालतंय आणि न्यूझीलंडात पक्ष्यासाठी मारला की अहिंसा आठवते. आपल्या पोटासाठी मारला तर धर्म बुडत नाही असं कुठं लिहिलंय?

अहिंसक_आबा

मी माझ्या शेतात घालत नाही. घुबडं येतात ती बघतात. बाकीच्यांचं मला माहीत नाही.

तांबडापांढरा

मग मानलं आबा तुम्हाला. माघार.

बुटांना_चिखल (क्राइस्टचर्च)

वर शंका आलीय की हे होऊ शकतं का, तर त्यावर थोडं. मी इकडे डोंगरात भटकतो, डॉकच्या (इकडचं वनखातं समजा) ट्रॅप लाइनवर स्वयंसेवक म्हणून जातो.

आधी निसर्ग बघून घेईल या मुद्द्यावर. दक्षिणेला टोकाशी टाउकिहेपा नावाचं बेट आहे, इंग्रजी नाव बिग साउथ केप. तिथे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बोटींतून उंदीर उतरले. १९६४ पर्यंत बेट उंदरांनी भरून गेलं. वन्यजीव खात्यातली डॉन मर्टन, ब्रायन बेल ही तरुण पोरं म्हणत होती की ताबडतोब जायला हवं, आणि मोठे मोठे शास्त्रज्ञ म्हणत होते की उंदराने काही एवढं होत नाही, संतुलन आपोआप होईल. झालं संतुलन. बुश रेन हा छोटा पक्षी संपला, तिथला स्नाइप पक्षी संपला, मोठं आखूड शेपटीचं वटवाघूळ संपलं. जगातून. सॅडलबॅक नावाचा पक्षी तेवढा वाचला कारण या लोकांनी ३६ पक्षी पकडून दुसऱ्या उंदीर नसलेल्या बेटांवर नेऊन सोडले, आज दक्षिण बेटाचे जे सॅडलबॅक आहेत ते सगळे त्या ३६ चे वंशज. त्या दिवसापासून या देशात "बघू या काय होतं" म्हणणारा माणूस जरा जपून बोलतो.

डॉन मर्टनचं पुढचं काम आणखी भारी आहे. चॅटम बेटांवरचा ब्लॅक रॉबिन, १९८० मध्ये जगात एकूण ५ उरले होते आणि त्यात अंडी घालून पिल्लं जगवणारी मादी एकच, ओल्ड ब्लू. या लोकांनी तिची अंडी काढून दुसऱ्या जातीच्या पक्ष्याच्या घरट्यात ठेवली म्हणजे ती पुन्हा अंडी घालेल. आजचे सगळे ब्लॅक रॉबिन तिचेच. काकापो १९९५ मध्ये ५१ होते, २०२२ मध्ये २५२ झाले, प्रत्येकाला नाव आहे आणि पाठीला ट्रान्समीटर. ते जवळजवळ सगळे उंदीर-स्टोट नसलेल्या बेटांवरच ठेवलेले आहेत, मुख्य भूमीवर सोडायची बरीच वर्षं सोयच नव्हती.

आता शक्य आहे का. कॅम्पबेल बेट, ११ हजार हेक्टरच्या वर, अंटार्क्टिकाच्या वाटेवर, तिथले उंदीर २००१ मध्ये हेलिकॉप्टरने औषध टाकून एकूण एक संपवले. अँटिपोडीज बेटावरचे उंदीर, म्हणजे घरात फिरतात तसले छोटे पिटुकले, ते २०१६ मध्ये. आणि वेलिंग्टनमध्ये तर तुईवालींच्याच शहरात मिरामारचा भाग, विमानतळापलीकडचा, माणसांची घरं, शाळा, हॉटेलं सगळं असलेला, तिथून उंदीर, स्टोट, वीझल काढले. शहरात हे कुणी आधी केलं नव्हतं.

पण सोपं आहे असं समजू नका. ऑकलंडच्या संशोधकांनी २००४ मध्ये एक उंदीर, रॅझा त्याचं नाव, रेडिओ कॉलर लावून मुद्दाम एका छोट्या निर्जन बेटावर सोडला, बघायला की एकटा उंदीर पकडायला किती त्रास होतो. ट्रॅप लावले, विष ठेवलं, कुत्रे आणले, हा काही सापडेना. मग गायबच झाला. तर साहेब ४०० मीटर समुद्र पोहून शेजारच्या बेटावर पोचले होते. १८ आठवडे लागले एका उंदराला, शेवटी पेंग्विनच्या मांसाच्या आमिषाला फसला. एक उंदीर. कॉलर लावलेला. आता देशाचा हिशोब करा. आणि सरकारही पैशाला हात आखडता घेतंय, या कामासाठी काढलेली कंपनी २०२५ च्या बजेटमध्ये बंद करायचं ठरवून काम डॉककडे दिलंय. मला विचाराल तर २०५० ला शून्य होईल असं वाटत नाही. पण मधल्या काळात जेवढं होईल तेवढे पक्षी वाढतात, ते दिसतं डोळ्याला.

मांजरप्रेमी_मावशी (ऑकलंड)

या धाग्यावर मी यायलाच नको होतं पण राहवत नाही. उंदीर झाले, पॉसम झाले, आता मांजरांवर आलेत हे लोक. नोव्हेंबर २०२५ मध्ये रानमांजरंसुद्धा त्या यादीत घातली. २०२३ मध्ये क्राइस्टचर्चच्या वरच्या भागात एक शिकारीची स्पर्धा असते तिथे शाळकरी पोरांसाठी रानमांजर मारायचा गट ठेवला होता, जास्त मारणाऱ्याला बक्षीस!! लोकांनी बोंब मारली म्हणून काढला. पोरांच्या हातात बंदूक देऊन मांजर मारायला शिकवणं हे कुठलं पक्षीप्रेम? माझी दोन मांजरं आहेत, दोन्ही घरातली, सोफ्यावरून उठत नाहीत, त्यांना काय करायचंय पक्ष्यांचं.

बुटांना_चिखल

मावशी, रानमांजर म्हणजे तुमची सोफ्यावरची नव्हेत, माणसाशी संबंध नसलेली, जंगलात जन्मलेली. २०१० मध्ये रुआपेहू डोंगराच्या पायथ्याच्या जंगलात एका मांजराने आठवड्याभरात १०० च्या वर दुर्मिळ वटवाघळं मारली, एका. पोरांच्या स्पर्धेबद्दल मी तुमच्याच बाजूने आहे, घाणेरडा प्रकार होता.

तुईवाली

मावशी, वेलिंग्टनमध्ये मांजराला मायक्रोचिप सक्तीची आहे आणि माझ्या मते देशभर व्हायला हवी, म्हणजे ट्रॅपमध्ये सापडलेलं मांजर कुणाचं ते कळेल आणि तुमची घरी परत येतील. आणि रात्री आत ठेवा एवढंच म्हणणं आहे लोकांचं. शेजारच्या आजींनी मांजरासाठी जाळीची गॅलरी करून घेतलीय, कॅटिओ म्हणतात, मांजर खुश, पक्षी खुश.

मांजरप्रेमी_मावशी

रात्री आतच असतात. कॅटिओचा फोटो टाक जमलं तर.

गुरांचा_डॉक्टर (वायकाटो)

इथे दुधाच्या गाईंचा डॉक्टर आहे, मूळ बारामतीकडचा. पॉसमवर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो कारण शेतकरी या भानगडीत पक्ष्यांमुळे नाही, टीबीमुळे आहे. पॉसम गुरांना टीबी देतो. आजारी पॉसम दिवसाढवळ्या कुरणात लडबडत फिरतो, गाई कुतूहलाने जाऊन हुंगतात, झालं. नव्वदच्या दशकाच्या मध्यात जवळपास १७०० कळप बाधित होते, आज मोजके राहिलेत, आणि ते पॉसम मारल्यामुळे. ऑस्ट्रेलियात हाच पॉसम संरक्षित आहे, तिथे त्याला खाणारे आहेत, इथे कुणी नाही. तुम्ही इकडून भारतात नेता ते मेरिनो-पॉसमचे मऊ मोजे, त्यात तोच आहे.

आता १०८० बद्दल, कुणीतरी काढणारच होतं तर मीच काढतो. टेन एटी म्हणजे सोडियम फ्लुओरोॲसिटेट. ऑस्ट्रेलियातल्या काही झाडांत ते नैसर्गिकरीत्या असतं. इथे धान्याच्या हिरव्या गोळ्यांत मिसळून हेलिकॉप्टरमधून टाकतात, वर दालचिनीचा वास लावतात. जगात सगळ्यात जास्त हाच देश वापरतो. आधी बिनविषाच्या गोळ्या टाकायच्या, पॉसम-उंदरांना चटक लावायची, मग खऱ्या. हेक्टरी साधारण दोन किलोच्या आत गोळ्या, त्यात विष ०.१५ टक्के, म्हणजे हेक्टरी जेमतेम तीन ग्रॅम. मातीत आणि पाण्यात सूक्ष्मजंतू त्याचं विघटन करतात, डीडीटीसारखं साठून राहत नाही. २०११ मध्ये संसदेच्या पर्यावरण आयुक्त जॅन राइट यांनी सगळा अभ्यास करून सांगितलं की वापर कमी नको, उलट वाढवा.

तरी गावात याच्यावरून मारामारीची वेळ येते. कारणं खोटी नाहीत. कुत्र्याला हे विष भयंकर बाधतं, मेलेला पॉसम चघळला तरी कुत्रा जातो, आणि मरण बघवत नाही, मी बघितलंय. हरणं मरतात म्हणून शिकारी चिडतात. केआ म्हणजे डोंगरातला पोपट, तोही काही ठिकाणी मेलाय. माओरींच्या काही जमातींना ते जंगलात नकोच आहे, काहींनी स्वतः मागवून टाकून घेतलंय, सगळ्यांचं एक मत नाही. पॉसमलाही मरायला काही तास लागतात, ते सुखाचं मरण नाही. मी याच्या बाजूने आहे, कारण जिथे रस्ता नाही, दरीत माणूस उतरत नाही, तिथे ट्रॅप लावणार कोण? बीच नावाच्या झाडांच्या जंगलात ज्या वर्षी बिया भरमसाट पडतात त्या वर्षी आधी उंदीर वाढतात, मग उंदीर खाऊन स्टोट वाढतात, बिया संपल्या की सगळे वळतात पक्ष्यांकडे. २०१९ ला असं मोठं वर्ष होतं. तेव्हा महिन्याभरात हजारो हेक्टर सांभाळायचं साधन हेच. पण ज्याला हे बघून त्रास होत नाही असा समर्थक मला भेटला तर मी त्याच्यावर विश्वास ठेवणार नाही.

तुईवाली, तुमच्या सासऱ्यांसाठी एक सांगतो. परसात विष ठेवू नका, ट्रॅपच ठेवा. दुकानात मिळणारी रक्त पातळ करणारी विषं असतात ती खाऊन उंदीर हळूहळू मरतो आणि त्याला रुरू (इथलं घुबड) खातं, ते विष त्याच्याही पोटात जातं. चांगला ट्रॅप मानेवर बसला की क्षणात संपतं. स्टोटसाठी डॉक २०० नावाचा ट्रॅप आहे, त्याच्या चाचण्या घेतल्यात की जनावर किती सेकंदात बेशुद्ध होतं. हे सांगून बघा.

तुईवाली

सांगितलं डॉक्टर. ते म्हणाले पिंजऱ्यात पकडा आणि टेकडीवर नेऊन सोडा, जिवंत.

गुरांचा_डॉक्टर

टेकडीवर काका नावाच्या इथल्या पोपटांची घरटी आहेत. म्हणजे उंदराला टॅक्सीने हॉटेलात सोडल्यासारखं झालं. शिवाय जिवंत पकडायचा पिंजरा लावला तर तो रोज तपासणं कायद्याने बंधनकारक आहे, उंदीर आत भीतीने अर्धमेला होतो ते वेगळंच.

कोकणी_खेकडा (वेंगुर्ला)

तुमचा धागा वाचून आमच्याकडचं आठवलं. आमच्या समुद्रात वेंगुर्ला रॉक्स म्हणून खडक आहेत, लाइटहाऊसचे, तिथल्या गुहेत पाकोळ्या थुंकीची घरटी करतात. ती घरटी चोरून बाहेर सूपला जायची, पिल्लांसकट खरवडून काढायचे हो, अंडी खाली फेकून. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रवाल्यांनी आणि वनखात्याने विणीच्या दिवसांत तिथे पहारा ठेवला, तेव्हा कुठे थांबलं. आमच्याकडे शत्रू म्हणजे दोन पायांचा. तुमच्याकडे पक्षी चोरत नाहीत का कुणी?

बुटांना_चिखल

चोरतात थोडे, इथले गेको, टुआटारा (पाली-सरड्यांसारखे प्राणी) तस्करीत सापडलेत. पक्ष्यांचं आधीच संपवून झालंय खेकडाभाऊ. हुइया नावाचा पक्षी होता, नराची चोच आखूड, मादीची लांब वाकडी. १९०१ मध्ये इंग्लंडचा ड्यूक आला, त्याने टोपीत हुइयाचं पीस खोचलं आणि फॅशनच झाली, प्रत्येक साहेबाला पीस हवं. शेवटचा खात्रीलायक दिसला १९०७ मध्ये. केआ मेंढ्यांना टोचतो म्हणून सरकार चोचीमागे पैसे द्यायचं, दीड लाखाच्या आसपास मारले असं म्हणतात, पूर्ण संरक्षण मिळालं १९८६ ला. तेव्हा आम्ही काय धुतल्या तांदळासारखे नाही.

आणि कुत्र्यांचं राहिलंच. १९८७ मध्ये वाइटांगीच्या जंगलात एका सुटलेल्या कुत्रीने काही आठवड्यांत अंदाजे ५०० किवी मारले. किवीला छातीचं हाड नसल्यासारखंच असतं, कुत्र्याने नुसतं खेळायला तोंडात धरलं तरी संपतो.

घाटावरचा

५०० !!! एका कुत्रीने? इकडे आमच्या टेकडीवर भटकी कुत्री मोरांमागे लागतात, आणि रोज सकाळी पाव टाकणारे काका-काकू आहेतच.

तुईवाली

खायला घालण्यावरून आठवलं. काका पोपट वेलिंग्टनमधून पूर्ण गेलेले होते. झीलँडियात २००२ पासून सोडले, आणि आता आमच्या छपरावर दहा-बारा येऊन कल्ला करतात. कुंपणाबद्दल पण सांगते, ८.६ किलोमीटर आहे, १९९९ ला झालं, २२५ हेक्टरभोवती. जाळी इतकी बारीक की करंगळी जात नाही, वर पत्र्याची बाहेर वाकलेली टोपी म्हणजे चढून आलेलं मांजर तिथून घसरतं, आणि खाली जाळी जमिनीत बाहेरच्या बाजूला आडवी पुरलेली, उकरणारा प्राणी उकरून उकरून दमतो. तरी छोटे उंदीर राहिलेच आत, ते काही हटले नाहीत. पक्षी अर्थात कुंपण पाळत नाहीत, बाहेर येतात, म्हणून तर आमच्या परसातले ट्रॅप. ग्रुपवाले म्हणतात पाचातल्या एका परसात जरी लावला तरी फरक पडतो.

तर सासूबाई मागच्या खेपेला आल्या होत्या तेव्हा त्यांनी डेकवर शेंगदाणे टाकायला सुरुवात केली, काका यायला लागले, अगदी हातातून घ्यायचे. त्यांचा जीव कसा रमला विचारू नका. मग ग्रुपमधल्या एका बाईंनी सांगितलं की शेंगदाणे, पाव, बिस्किटं यात कॅल्शियम नाही, आईबाप तेच नेऊन पिल्लांना भरवतात आणि पिल्लांची हाडं मऊ होऊन वाकतात. शिवाय छपरावरचं जुनं शिसं चघळून विषबाधा होते, माणसाच्या घराशी सलगी वाढली की तेही वाढतं. सासूबाईंनी त्याच दिवशी बंद केलं, पुढे काका काचेवर टोचा मारून मागत होते तरी नाही दिलं. सासरे मात्र उंदराच्या बाबतीत ऐकत नाहीत बघा.

पुणेरी_पाटी

"काका छपरावर बसून कौलं उचकटतात आणि फुकट शेंगदाणे मागतात" हे आमच्या वाड्यात न्यूझीलंडच्या कितीतरी आधीपासून चालू आहे.

बुटांना_चिखल

हाहाहा. केआचंही तेच, आर्थर्स पासला लोक चिप्स टाकतात, माणसाच्या खाण्याला चटावलेला केआ काहीही तोंडात घालून बघतो, १०८० च्या गोळ्यांचा धोका त्यांनाच जास्त.

मांजरप्रेमी_मावशी

एक माझ्याकडून. आपली साळुंकी! ऑकलंडमध्ये चौकाचौकात आहे. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा अक्षरशः डोळ्यात पाणी आलं, म्हटलं गावाकडचं कुणीतरी भेटलं. शेजारची गोरी म्हणाली "भयंकर पक्षी, मला विंचवासारखी वाटते." १८७० च्या दशकात शेतातले किडे खायला आणली होती म्हणे, आता दुसऱ्यांची घरटी उधळते, अंडी-पिल्लं मारते. मला काही तिला शिव्या द्यायचा धीर होत नाही.

तांबडापांढरा

मावशी तुम्हाला मांजर पण पाहिजे आणि साळुंकी पण. ठरवा एकदा 😄

अहिंसक_आबा

सगळं वाचलं. डॉक्टरांचं लिहिणं आवडलं, प्रामाणिक आहे. मला अजून मारणं पटत नाही, पण माणसाने नेलेलं माणसानेच निस्तरायचं एवढं मान्य करावं लागेल. तुमच्या सासऱ्यांना विचारा ताई, ट्रॅप त्यांनी लावू नये, पण खोका कुठं ठेवायचा तेवढं सांगतील का? आमच्या पिढीला घरात विचारलेलं लागतं.

तुईवाली

आबा 🙏 करून बघते.

वेलिंग्टनकडे किवी परत आलेत हेही सांगायचं राहिलं. शहराच्या पश्चिमेला माकाराच्या टेकड्यांवर मेंढ्यांची कुरणं आहेत, तिथल्या शेतकऱ्यांनी, लोकांनी मिळून साडेचार हजारांवर स्टोटचे ट्रॅप लावले, मग नोव्हेंबर २०२२ मध्ये पहिले किवी आणून सोडले. शंभराहून जास्त वर्षांनी. २०२३ च्या शेवटी तिथे रानातच पिल्लं जन्मली. कुंपण नाही काही नाही, उघड्या टेकडीवर. आमच्यापासून गाडीने पंधरा मिनिटं.

डोंबिवली_फास्ट

मधेच घुसतोय, माफ करा. डिसेंबरात मुलांना घेऊन न्यूझीलंडला येतोय, किवी बघायचाच आहे दोघांना, कुठे बघावा? आणि आई सोबत आहेत, त्यांनी बॅगेत काय काय भरलंय ते मला सांगत नाहीयेत, एअरपोर्टवर काय होतं?

बुटांना_चिखल

रानातला बघायचा असेल तर तीन जागा. झीलँडियाची रात्रीची टूर, छोटा ठिपकेवाला किवी दिसू शकतो, लाल बॅटरी देतात, मुलांना गप्प बसता आलं तर. दुसरं ऑकलंडजवळ टिरिटिरी माटांगी बेट. तिथे शेतीसाठी जवळजवळ सगळं जंगल तोडलेलं होतं, १९८४ ते १९९४ मध्ये सामान्य लोकांनी बोटीने जाऊन अडीच लाखांवर झाडं लावली, आता पक्ष्यांनी भरलेलं आहे. दिवसा फेरीने जाता येतं पण किवी रात्री फिरतो, तेव्हा तिथल्या बंकहाऊसमध्ये मुक्काम करा, बुकिंग फार आधी करावं लागतं. तिसरं स्टुअर्ट आयलंड, लांब आहे पण तिथे किवी कधीकधी दिवसाही फिरताना दिसतो. नुसता बघायचाच असेल तर ऑकलंडच्या प्राणिसंग्रहालयात अंधाऱ्या खोलीत आहे.

फेरीत चढायच्या आधी सगळ्या बॅगा उघडून बघा, उंदीर, मुंग्या, बिया. खाणं चेनच्या बॅगेत किंवा झाकणाच्या डब्यात, उघडी पिशवी चालत नाही. चेष्टा नाही ही, एक गाभण उंदरीण पोचली तर चाळीस वर्षांचं काम गेलं.

गुरांचा_डॉक्टर

एअरपोर्टचं मी सांगतो. फॉर्मवर खाण्याचं सगळं हो म्हणून लिहा. लिहिलं की फार तर काढून घेतात, लपवलं तर जागेवर ४०० डॉलर दंड. मध, ताजा कढीपत्ता, फळं, पेरायच्या बिया आणूच नका. आईंना विचारा पूजेचं काय आहे, होमाच्या शेणी, रुद्राक्ष, सुकलेले हार, हे सगळं दाखवावं लागतं. एका ओळखीच्यांच्या आजींच्या बॅगेतून मेथीचं बी निघालं, त्या म्हणत होत्या भाजीसाठी आहे, अधिकारी म्हणत होता उगवतं ना मग.

ट्रेकचे बूट आणत असाल तर तळ धुऊन, सुकवून आणा आणि तेही लिहा. इथे ऑकलंडच्या बाजूला काउरी नावाच्या प्रचंड झाडांना मुळं कुजायचा रोग लागलाय, मातीतून पसरतो, जंगलाच्या तोंडाशी ब्रश आणि फवारा ठेवलेला असतो. घाई असली तरी थांबून बूट घासायचे.

डोंबिवली_फास्ट

आईंच्या बॅगेतून आत्ता तुळशीच्या मंजिऱ्या निघाल्या. चर्चा चालू आहे.

तुईवाली

डोंबिवली, मंजिऱ्या राहू द्यात, इथे एका ओळखीच्यांकडे तुळस आहे, पूजेपुरती पानं मिळवून देईन.

आणि आबा, अपडेट. सासरे म्हणाले खोका भिंतीच्या कडेला ठेवा, उंदीर मधून चालत नाही, कडेने पळतो, गावाकडच्या कणगीपाशी बघितलंय म्हणे. ग्रुपवाल्यांनीही तेच सांगितलं होतं. सध्या ट्रॅप चढवलेला नाही, आधी काही दिवस नुसतं नखाएवढं पीनट बटर ठेवतोय म्हणजे त्यांची भीड चेपते. चढवायचा कुणी ते अजून ठरलेलं नाही, नवरा भांडी घासतोय.